जुन्या गाडीचा क्लच पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर

माझ्या अंगणात १९९६ सालची एक छोटी गाडी आहे. कार्ब्युरेटरचे इंजिन, चार गिअर, केबलने चालणारा क्लच आणि रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत गेलेले आयुष्य, एवढी तिची ओळख पुरे. या गाडीची क्लच केबल चौदा महिन्यांत तीनदा तुटली. पहिल्या वेळी ती अंगणातच तुटली, म्हणून फारसे काही वाटले नाही. दुसऱ्या वेळी साखरपा मागे टाकून आंबा घाटाची चढण सुरू झाल्यावर पेडल एकाएकी जमिनीला टेकले आणि घरची चार माणसे रस्त्याच्या कडेला दोन तास उभी राहिली. तेव्हा ज्या गॅरेजमध्ये गाडी नेली तिथल्या मेकॅनिकने सांगितले की प्रेशर प्लेट कडक झाली आहे, तिचा जोर केबलवर येतो आणि म्हणून केबल टिकत नाही. हे तर्काला धरून होते. गिअरबॉक्स उतरला, क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा सगळा संच नवा बसला, आणि चार महिन्यांनी केबल पुन्हा तुटली.

दोष शेवटी जिथे सापडला तिथे क्लचचा एकही भाग नव्हता. ते पुढे येईलच. परंतु त्या निमित्ताने क्लचची तपासणी कोणत्या क्रमाने करावी हे मला नव्याने शिकावे लागले, आणि गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी बाहेरून किती गोष्टी कळू शकतात हे पाहून स्वतःचाच थोडा रागही आला. पुढचे विवेचन मुख्यतः केबलच्या क्लचला धरून आहे. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली आणि २०१४ च्या आरंभी उत्पादन थांबलेली मारुती ८०० हे या रचनेचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण आहे. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबाने चालणाऱ्या, क्लचच्या गाड्यांविषयी जिथे वेगळे सांगायला हवे तिथे ते सांगितले आहे.

पहिला प्रश्न: क्लच धरत नाही, की सोडत नाही?

इंजिनाच्या मागे फिरणारे फ्लायव्हील आणि त्याला बोल्टने जोडलेली प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लचप्लेट दाबून धरलेली असते. हा दाब डायफ्रॅम स्प्रिंगचा असतो आणि तो कायम असतो. आपण पेडल दाबतो ते हा दाब काढून घेण्यासाठी. म्हणजे पेडलला हात-पाय न लावता क्लच जोडलेला असतो आणि पेडल दाबल्यावर तो सुटतो. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, तरीही गॅरेजमध्ये गेल्यावर आपण ‘क्लचचा प्रॉब्लेम आहे’ एवढेच सांगतो, आणि समोरचा माणूस ‘प्लेट गेली’ एवढेच म्हणतो. वास्तविक क्लच नीट धरत नाही आणि क्लच नीट सुटत नाही हे दोन परस्परविरुद्ध दोष आहेत. त्यांची कारणे वेगळी, खर्च वेगळा, आणि दुसऱ्या दोषात तर बहुतेक वेळा क्लचप्लेटचा काही संबंधही नसतो.

धरत नसेल तर क्लच सरकतो, ज्याला गॅरेजच्या भाषेत स्लिप होणे म्हणतात. इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. हे लक्षण आधी सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये दिसेल अशी अपेक्षा चुकीची आहे. ते वरच्या गिअरमध्ये, चढावर, गाडी भरलेली असताना आणि अॅक्सिलरेटर खोल दाबल्यावर प्रथम दिसते, कारण तेव्हा क्लचवरचा ताण सर्वांत जास्त असतो. म्हणूनच गावात वर्षभर गुणी वाटणारी गाडी घाटात पहिल्यांदा दगा देते.

सुटत नसेल तर इंजिन चालू असताना गिअर पडायला अडतो, रिव्हर्स टाकताना खरखर होते, आणि पेडल पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकू पाहते. येथे एक सोपी कसोटी आहे. इंजिन बंद करून सर्व गिअर टाकून पाहावेत. ते लोण्यासारखे पडत असतील आणि इंजिन चालू केल्यावर अडत असतील, तर दोष क्लच न सुटण्याचा आहे. इंजिन बंद असतानाही गिअर अडत असेल, तर गिअर लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी किंवा गिअरबॉक्स स्वतः तपासायला हवा. चालत्या गाडीत फक्त एकाच गिअरला, उदाहरणार्थ तिसऱ्यावरून दुसरा टाकताना, खरखर होत असेल आणि बाकीचे गिअर नीट पडत असतील, तर तो दोष त्या गिअरच्या सिंक्रोनायझरचा, म्हणजे गिअर जुळण्यापूर्वी दोन्हीकडचा वेग सारखा करणाऱ्या भागाचा, असण्याची शक्यता अधिक आहे आणि त्यासाठी क्लच उघडणे व्यर्थ आहे.

पेडलचा प्ले मोजणे

यानंतर पट्टी घेऊन गाडीत बसावे. पेडलला हाताने हलकेच दाबत गेल्यास सुरुवातीचे थोडे अंतर ते अगदी सैल जाते आणि मग एकदम प्रतिकार जाणवतो. हे सैल अंतर म्हणजे फ्री प्ले, किंवा नुसता प्ले. केबलच्या क्लचच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तो साधारण दीड ते अडीच सेंटीमीटर असतो. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा अर्थातच प्रमाण मानावा.

या एका मोजमापातून जेवढे कळते तेवढे दुसऱ्या कशातूनही कळत नाही, आणि गंमत अशी की त्याचा अर्थ पुष्कळजण उलटा लावतात. क्लचप्लेट झिजली की पेडल सैल होईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात केबलच्या क्लचमध्ये नेमके विरुद्ध घडते. प्लेटचे अस्तर पातळ झाले की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, त्यामुळे डायफ्रॅम स्प्रिंगची आतली बोटे मागे, म्हणजे पेडल दाबल्यावर त्यांना ढकलणाऱ्या रिलीज बेअरिंगच्या दिशेने येतात, आणि बेअरिंग व बोटे यांच्यातले अंतर कमी होत जाते. म्हणजे प्लेट झिजते तसा प्ले कमी होतो आणि पेडल सोडताना ते अधिकाधिक वर आल्यावर क्लच धरू लागतो. केबल ताणली गेली, तिचे टोक सुटू लागले किंवा तिला आधार देणारा पत्रा वाकला, तर मात्र प्ले वाढतो आणि क्लच अगदी जमिनीजवळ धरतो.

प्ले संपून शून्यावर आला असेल, तर रिलीज बेअरिंग कायम बोटांवर टेकलेले राहते आणि स्प्रिंगचा दाब थोडा थोडा कमी करत राहते. चांगली प्लेटही मग सरकू लागते, सरकल्याने तापते, तापल्याने झिजते, झिजल्याने प्ले आणखी कमी होतो. हे चक्र काही आठवड्यांत प्लेट संपवते. फोर्कजवळचा, म्हणजे केबलने ओढला जाऊन बेअरिंग ढकलणाऱ्या दांड्याजवळचा, नट फिरवून प्ले परत दिला असता तर जी प्लेट अजून वर्षभर चालली असती, ती केवळ एका पान्याच्या दोन वेढ्यांअभावी जाते. म्हणून क्लच सरकत असल्याची तक्रार आली की पहिले काम प्ले मोजण्याचे आणि जुळवण्याचे असावे, गिअरबॉक्स उतरवण्याचे नव्हे. जुळवणीच्या नटाचे आटे संपले असतील आणि तरीही प्ले मिळत नसेल, तेव्हा मात्र प्लेटचे आयुष्य खरोखरच संपले आहे असे धरावे.

हायड्रॉलिक क्लचमध्ये ही युक्ती चालत नाही, कारण झीज झाली तरी त्यातील तेल आपोआप जागा भरून काढते आणि पेडलवर फरक कळत नाही.

क्लच सरकतो याची खात्री

सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या आसपास गाडी चालवून अॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबावा. इंजिनाचा आवाज वेगाच्या पुढे धावला, तर क्लच सरकतो आहे. उभ्या गाडीची कसोटीही आहे: चाकांना दगड लावून, हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, तिसरा गिअर टाकावा आणि इंजिन थोडे चढवून क्लच सोडावा. निरोगी क्लचने इंजिन तत्काळ बंद पाडले पाहिजे. ते कण्हत चालू राहिले तर निदान झाले. ही कसोटी एकदाच करावी. मित्रांना दाखवण्यासाठी पाच वेळा केली, तर जी प्लेट अजून चालली असती तीही जळून जाईल. गाडीच्या पुढे कोणालाही उभे राहू देऊ नये हे सांगायला नको.

प्ले योग्य असूनही क्लच सरकत असेल, तर दोन शक्यता उरतात: अस्तर झिजून रिव्हेटपर्यंत आले आहे, किंवा त्यावर तेल आले आहे. वारंवार बिघडणाऱ्या क्लचच्या बाबतीत मला दुसरी शक्यता अधिक गंभीर वाटते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली हात फिरवून पाहावा. तिथे ओल असेल तर ती चिंधीवर घेऊन पाहावी व हुंगावी. काळपट, पातळ आणि जळक्या वासाचे तेल इंजिनाचे असते आणि ते क्रँकच्या मागच्या सीलमधून येते. घट्ट, गंधकासारखा उग्र दर्प असलेले तेल गिअरबॉक्सचे असते आणि ते इनपुट शाफ्टच्या, म्हणजे क्लचप्लेटकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याच्या, सीलमधून येते. जे सील गळते ते न बदलता नुसती प्लेट बदलणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी घालणे.

त्यातही एक पोटकारण आहे, जे फार थोडेजण पाहतात. जुन्या इंजिनात पिस्टनच्या बाजूने खाली येणारा वायू बाहेर पडण्यासाठी श्वासनळी असते. ती नळी काजळीने तुंबली तर इंजिनाच्या पोटात दाब वाढतो आणि तो नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. दोन वर्षांत दोनदा सील बदलूनही तेल येत असेल, तर तिसऱ्यांदा सील बदलण्यापूर्वी ती नळी काढून, पेट्रोलने धुऊन, फुंकून पाहावी.

क्लच सुटत नाही तेव्हा

येथे सर्वांत आधी पायाखाली पाहावे. हे विनोदाने म्हणत नाही. एकावर एक टाकलेल्या दोन रबरी चटया पेडलची इंचभर चाल खातात, आणि या एका कारणाने रिव्हर्सची खरखर घेऊन गॅरेजपर्यंत गेलेली गाडी मी पाहिली आहे.

चटई निर्दोष ठरल्यास रिव्हर्सची कसोटी घ्यावी. गाडी उभी, इंजिन गरम आणि मंद चालीवर, पेडल पूर्ण दाबलेले. मनात पाच अंक मोजावेत आणि मग रिव्हर्स टाकावा. जुन्या गाड्यांत रिव्हर्सला बहुधा सिंक्रोनायझर नसतो, म्हणून पेडल दाबताच घाईने टाकल्यास चांगल्या क्लचमध्येही खरखर होते. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट थांबायला तेवढा अवधी लागतो. पाच अंकांनंतरही खरखर होत असेल, तर तो शाफ्ट थांबतच नाही, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही.

आता एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने बोनेट उघडून विजेरीच्या प्रकाशात तीन ठिकाणी पाहावे. केबलचे बाहेरचे आवरण जिथे डॅशबोर्डमागच्या पत्र्यात बसते, तो पत्रा जुन्या गाडीत गंजून तडकतो आणि पेडल दाबताना पुढे वाकतो; अशा वेळी पेडल जेवढे अंतर जाते त्यातले निम्मे पत्रा वाकण्यात खर्ची पडते. गिअरबॉक्सवरचा केबलचा आधार सैल असू शकतो. आणि फोर्कचे टोक केबलबरोबर पुरेसे हलत नसेल, तर केबल आतून सुटत आली आहे असे समजावे. फोर्क पुरेसा हलत असूनही क्लच सुटत नसेल, तेव्हाच आतल्या भागांवर, म्हणजे वाकलेली प्लेट, तुटलेले डायफ्रॅमचे बोट किंवा झिजलेला फोर्क यांवर, संशय घ्यावा.

हायड्रॉलिक क्लच असेल तर आधी डबीतील तेलाची पातळी पाहावी, मग पेडलच्या मुळाशी तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरजवळ आणि गिअरबॉक्सजवळ त्या तेलाने फोर्क हलवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरच्या रबरी टोपीत ओल आहे का ते पाहावे. पेडल लागोपाठ दोन-तीनदा दाबल्यावर गिअर सहज पडत असेल, तर नळीत हवा शिरली आहे किंवा एखादे वॉशर गेले आहे. हवा काढून आठ दिवसांत तीच तक्रार परत आली, तर वॉशर किट बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. डबीत फक्त ब्रेक ऑइलच घालावे. चुकून इंजिन ऑइल घातले तर आतली सर्व रबरे फुगून निकामी होतात.

पावसाळ्यानंतर गाडी जागची हलेना

कोकणात हा स्वतंत्र रोग आहे. जूनमध्ये झाकून ठेवलेली गाडी गणपतीला बाहेर काढावी तर इंजिन सुरू होते, पण पेडल दाबूनही क्लच सुटत नाही आणि एकही गिअर पडत नाही. क्लचप्लेट दमटपणाने फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असते. यात काहीही मोडलेले नसते. गाडी मोकळ्या मैदानात, समोर कोणीही नसताना, आधी पूर्ण गरम करावी. मग इंजिन बंद करून दुसरा गिअर टाकावा, क्लच दाबून ठेवावा आणि तसेच स्टार्टर मारावे. गाडी धक्के खात पुढे जाईल. अॅक्सिलरेटर दाबत-सोडत राहिल्यास बहुधा थोड्याच अंतरात ‘टक्‌’ असा आवाज होऊन प्लेट सुटते. ब्रेक चांगले आहेत याची खात्री मात्र आधी करावी. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल, तर काहीजण लाकडाचा ठोकळा लावून पेडल दाबून ठेवतात. त्यापेक्षा शेजाऱ्याला किल्ली देऊन दर आठवड्याला गाडी चार हात पुढे-मागे करायला सांगणे मला अधिक पसंत आहे.

आवाज आणि हादरे

आवाजाचे निदान थोडक्यात होते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना येणारी घरघर पेडल दाबल्यावर थांबत असेल, तर ती गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची आहे. पेडल दाबल्यावर सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंगची आहे. दोन्ही बेअरिंगांपर्यंत पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून आवाज हलका असेल आणि गाडी घाटात न्यायची नसेल, तर पुढच्या मोठ्या कामापर्यंत थांबता येते.

गाडी जागेवरून पुढे घेताना हादरत असेल तर लगेच प्लेटवर आरोप करू नये. केबल एका टोकाला बॉडीला आणि दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्सला बांधलेली असते. इंजिनाचे रबरी माउंटिंग फाटले असेल, तर क्लच धरताच इंजिन झुकते, झुकलेले इंजिन केबल ओढते, क्लच सुटतो, इंजिन परत येते, क्लच पुन्हा धरतो, आणि हे सेकंदाला अनेकदा घडून गाडी थरथरते. बोनेट उघडे ठेवून, हँडब्रेक ओढून, कोणाला तरी क्लच अर्धवट सोडायला सांगितल्यास इंजिन किती उसळते हे बाजूला उभे राहून दिसते.

जड पेडल आणि तुटणारी केबल

आता माझ्या गाडीकडे येतो. केबल वारंवार तुटण्याची सर्वज्ञात कारणे अशी आहेत: केबल चुकीच्या मार्गाने नेल्यामुळे पडलेले तीव्र वळण, एक्झॉस्टच्या उष्णतेने वितळलेले आतले अस्तर, पेडलच्या हुकाची झिजलेली धार, आणि खरोखरच कडक झालेली प्रेशर प्लेट. डायफ्रॅमच्या क्लचमध्ये प्लेट झिजत जाते तसे पेडल जड होते, त्यामुळे माझ्या मेकॅनिकचा अंदाज हवेतला नव्हता. परंतु नव्या संचानेही केबल तुटली तेव्हा मी तिन्ही जुन्या केबली एकत्र ठेवून पाहिल्या. मला काहीही टाकून न देण्याची सवय आहे आणि घरच्यांना त्याचा त्रास आहे. पण या वेळी ती सवय उपयोगी पडली.

घासून तुटलेल्या केबलचे तंतू एकेक करून झिजतात आणि त्यांची टोके चमकदार दिसतात. माझ्या केबलींचे तंतू टोकाजवळ निळसर काळे पडले होते आणि आतले नायलॉनचे अस्तर वितळून तारेला चिकटले होते. एक्झॉस्ट त्या बाजूला नव्हता. मग ही उष्णता आली कुठून, हे कोडे दोन आठवडे सुटले नाही. ऑगस्टमधल्या एका सकाळी इंजिन सुरू होईना, म्हणून मी बराच वेळ स्टार्टर मारला आणि नंतर बोनेट उघडून प्लगच्या वायरी चाचपत असताना मनगट क्लच केबलला लागले. इंजिन थंडगार होते आणि केबल कढत होती.

या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला जोडलेली आहे आणि बॉडीपासून इंजिनापर्यंत तांब्याच्या विणीची एक जाड अर्थ पट्टी आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने स्टार्टरच्या प्रवाहाला बॅटरीकडे परतण्यासाठी ही पट्टी हाच राजमार्ग असतो. स्टार्टर फिरताना शंभर अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह त्यातून जातो. माझ्या गाडीच्या पट्टीचे बॉडीकडचे टोक खाऱ्या हवेने हिरवट भुकटी होऊन केवळ नावाला चिकटले होते. प्रवाहाने मग आडवाट शोधली होती: गिअरबॉक्सपासून क्लच केबलच्या पोलादी तारेतून बॉडीकडे. दर वेळी स्टार्टर मारला की केबल भाजून निघत होती. त्यातून दोष लपण्याचीही उत्तम सोय झाली होती, कारण नवी केबल बसवली की तिच्या स्वच्छ टोकांतून प्रवाह बरा वाहत असे, स्टार्टर जोमाने फिरे, आणि आम्हाला वाटे की गाडी दुरुस्त झाली.

याची तपासणी साध्या व्होल्टमीटरने होते. मीटरची एक सुई इंजिनाच्या उघड्या धातूवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरावी व कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगावे. निरोगी जोडणीत हा आकडा शून्याच्या जवळ, फार तर ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत असतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगमध्ये दोष आहे. माझ्याकडे तो दीड व्होल्टच्या आसपास होता. मीटर नसेल, तर दुसऱ्या गाडीवरून इंजिन सुरू करायला वापरतो ती जाड जंपर केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या धातूपर्यंत तात्पुरती लावून स्टार्टर मारावा. तो लक्षणीय जोरात फिरला, तर उत्तर मिळाले. नवी पट्टी लावताना दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करावा, बोल्ट घट्ट आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. चौथी केबल तेव्हा गाडीवरच होती आणि ती अजून तीच आहे.

अॅक्सिलरेटरची किंवा चोकची केबल अकारण जड होत असेल, तरी हीच तपासणी करावी, कारण इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी कोणतीही तार अशा प्रसंगी प्रवाहाची वाट बनते.

चालवणाऱ्याचा पाय

कारणांची यादी यंत्रापाशी संपत नाही. पेडलवर पाय टेकवून गाडी चालवणे, चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे, आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलणे या तीन सवयी नव्या प्लेटचेही आयुष्य निम्म्यावर आणू शकतात. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावरच्या रांगेत पुढची गाडी हात-हातभर सरकते तेव्हा प्रत्येक वेळी तिच्या मागे सरकण्याऐवजी दोन गाड्यांचे अंतर पडू द्यावे आणि मग एकदाच पुढे जावे. मागचा हॉर्न वाजवील, वाजवू द्यावा.

गिअरबॉक्स उतरलाच तर

एवढे सगळे पाहून प्लेटच गेली आहे असे ठरले, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग ही तिन्ही एकदम बदलावीत, कारण मजुरी मुख्यतः गिअरबॉक्स उतरवण्याची असते आणि ती तिन्हीसाठी एकच पडते. क्रँकचे मागचे सील त्याच वेळी पाहावे, आणि गाडी वीस वर्षांच्या पुढची असेल तर ते न गळताही बदलावे. जुन्या प्लेटवर रिव्हेटचे डोके अस्तराच्या पातळीपासून अर्धा मिलीमीटरही खोल उरले नसेल, तर ती संपली. फ्लायव्हीलवर निळे डाग, केसासारख्या चिरा किंवा नखाला लागणारे चर असतील, तर ते लेथवर साफ करून घ्यावे. नवी प्लेट खडबडीत फ्लायव्हीलवर बसवल्यास ती पहिल्या दिवसापासून हादरते.

आतली काळी भुकटी हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुफ्फुसांना घातक असते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. गॅरेजमधला पोरगा सवयीने हवा मारायला धावतो, त्याला आधीच थांबवावे.

बसवताना प्लेटची गिअरबॉक्सकडची बाजू कोणती ते पाहणे, प्लेट मध्यावर आणण्यासाठी आतून दांडा घालणे, बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळणे आणि इनपुट शाफ्टच्या दात्यांना ग्रीसचा केवळ पातळ हात देणे, ही कामे मेकॅनिकची असली तरी आपण शेजारी उभे असावे. ग्रीस जास्त झाले तर ते फिरताना उडून अस्तरावर जाते. गिअरबॉक्स चढवताना त्याचे वजन एक क्षणही प्लेटच्या मधल्या भागावर लोंबकळू देऊ नये. प्लेट वाकते, आणि नवा क्लच पहिल्याच दिवशी सुटेनासा होतो.

पहिले पाचशे किलोमीटर चढावर भार घेऊन गाडी ओढू नये. हजार किलोमीटर झाल्यावर पट्टी घेऊन प्ले पुन्हा मोजावा, कारण नवी प्लेट आणि नवी केबल दोन्ही याच काळात जागेवर बसतात आणि प्ले बदलतो. तो आकडा तारखेसह गाडीच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवावा.